भावाच्या प्लॉटची वाइन

वायनरीच्या टेस्टिंग रूममध्ये मी आयुष्यात एकदाच गेले, आणि आत पाऊल टाकायच्या आधीच माझं डोकं फिरलेलं होतं. गेटावर वॉचमननं आमची गाडी अडवली. गाडी म्हणजे माझ्या धाकट्या भावाचा पिकअप. मागं फवारणीचे रिकामे ड्रम, पुढं आम्ही दोघं. वॉचमन म्हणाला, "माल उतरवायचं गेट मागच्या अंगाला आहे." भाऊ म्हणाला, "माल नाय आणला दादा. आम्ही प्यायला आलोय." वॉचमननं माझ्या डोक्यावरच्या पदराकडं पाहिलं, मग ड्रमांकडं पाहिलं, आणि नाइलाजानं गेट उघडलं. मी मनात म्हटलं, बरं झालं. भांडायचंच होतं, सुरुवात गेटापासून झाली.

भांडायला का गेलो होतो ते सांगते. भावाची द्राक्षबाग दिंडोरीच्या अलीकडं आहे, वडिलांपासूनची. वडिलांच्या हाताखाली आम्ही दोघंही शिकलो, पण मी लग्न होऊन नाशकात आले आणि तो बागेत राहिला. खायच्या द्राक्षात त्याचा हात कोणी धरत नाही. मणी असा फुगवतो की व्यापारी बांधावर उभा राहून आधी फोटो काढतो आणि मग दराचं बोलतो. 'फुगवण' हा आमच्या घरात देवाच्या नावाखालोखालचा शब्द. मण्यात पाणी उतरलं पाहिजे, मणी टपोरा झाला पाहिजे, काढणीपर्यंत झाडाला तहान लागता कामा नये. बारीक मण्याचा घड बाजारात नेणं वडिलांना अब्रूवर आल्यासारखं वाटायचं.

दर हंगामाचा पहिला क्रेट माझ्या दारात येतो. त्यातले घड भावानं स्वतः निवडलेले असतात. दिंडोरी रोडला माझी मटणाची खानावळ आहे, तिथं गल्ल्यावर मी तो क्रेट ठेवते, येणाऱ्या-जाणाऱ्यानं बघावा म्हणून. घड हातात आला की मी शेंड्याचा मणी आधी तोडते. हेही वडिलांचंच. घडात गोडी वरून खाली उतरत जाते, शेंडा सगळ्यात शेवटी गोड होतो. विकणारा नेहमी वरचा मणी पुढं करतो, म्हणून घेणाऱ्यानं शेंड्याचा खायचा.

त्याच बागेतला एक प्लॉट भावानं काही वर्षांपूर्वी मोडला आणि तिथं वाइनची द्राक्षं लावली. वायनरीशी करार केला. वडिलांच्या हातची झाडं करवतीनं कापली म्हणून आई मरेपर्यंत त्याला टोमणे मारत राहिली. पहिले एक-दोन हंगाम झाडं लहान आहेत म्हणून वायनरीनं चालवून घेतलं. मग मागच्या वर्षी गणपतीच्या सुमारास तिकडून निरोप आला की तुमच्या प्लॉटचा रस पातळ आहे, वाइनला अंग नाही, पुढच्या हंगामापासून आम्ही तुमचा माल घेणार नाही.

वाइनची द्राक्षं म्हणजे दुसरीकडं कुठं खपणारी वस्तू नाही. आत बिया, वर जाड साल, मणी बोराहून बारीक. बाजार समितीत नेली तर लोक हसतील. वायनरी नाही म्हणाली की ऑक्टोबरच्या छाटणीआधी तो प्लॉट दुसऱ्यांदा करवतीखाली जाणार, हे सरळ होतं. आणि गावात काय बोललं जाणार हेही सरळ होतं. आधी बापाची झाडं कापली, आता स्वतःची.

निरोप आल्यावर भाऊ खानावळीत आला. जेवण झाल्यावर म्हणाला, "ताई, रस पातळ हाय म्हणे. माझ्या बागेचा. काय बोलत्यात बघ. त्यांना माझी जागा त्या वरच्या मुरमाडवाल्याला द्यायचीय, दुसरं काय नाय."

हा मुरमाडवाला म्हणजे त्याच्या वरच्या अंगाला, टेकडीच्या उतारावर बाग असलेला शेतकरी. त्याचीही द्राक्षं त्याच वायनरीला जातात. विहिरीला पाणी कमी, जमीन सगळी मुरमाची, झाडं खुरटी. भाऊ त्याच्या घडांना लेंड्या म्हणायचा. शेळीच्या लेंड्या घडाला लटकवल्यात, असं चारचौघात हसून सांगायचा.

"तू चाल," तो म्हणाला. "तिथल्या वाइन करणाऱ्या मॅडमला मी सांगून ठेवलंय. माझी वाइन, त्याची वाइन, सगळ्या समोर ठेवा आणि कोणती कोणाची ते सांगू नका. माझी बहीण चाखून सांगंल. तुझ्या जिभेपुढं त्यांची मशीनं काय टिकत्यात."

आता माझ्या जिभेचं सांगायचं तर मी दारू पिणारी बाई नाही. पण चव मला कळते. नवरा गेल्यापासून गल्ला आणि चूल दोन्ही मीच बघते, आणि माझ्या हाताखालच्या बायकांनी केलेला रस्सा मी चाखल्याशिवाय बाहेर जात नाही. पळीतला थेंब तळहातावर घ्यायचा आणि चाटायचा. पळीवरून चाखलं तर पळीची चव लागते, वाटीतून चाखलं तर घाईत जीभ भाजते. तळहात खोटं बोलत नाही. मीठ कमी, मसाला कच्चा, कालचं कालवण आजच्यात मिसळलंय, सगळं तिथं कळतं. मी भावाला म्हटलं, चल, बघतेच त्यांच्याकडं. माझ्या भावाचा रस पातळ म्हणणारी कोण ती.

तर अशी मी त्या टेस्टिंग रूममध्ये शिरले. बसायला उंच उंच स्टूल, ज्यावर माझ्या वयाच्या बाईनं चढायचं कसं याचा विचार कोणी केलेला नाही. भिंतीएवढ्या काचा, काचेबाहेर हिरवीगार बाग, आणि बागेच्या पहिल्या ओळीत मुंबईहून आलेली पोरं-पोरी वेलींच्या फांद्या ओढून धरून फोटो काढतायत. आमच्याकडं फांदी अशी ओढली तर काडी मोडेल म्हणून बोलणी बसतात. इथं हौसेनं ओढू देतात. कोपऱ्यात एक लाकडी पिंप, आत काही नाही, नुसतं शोभेचं. आणि सगळीकडं कसली तरी मंद गाणी. माणूस मोठ्यानं बोलायला बिचकावा अशीच ती जागा केलेली आहे. मी मुद्दाम मोठ्यानं बोलले.

वाइन करणारी मॅडम आत कामात होती, म्हणून तोवर नेहमीचं चाखणं करा असं आम्हाला सांगितलं. त्याचे पैसे आधी. मी म्हटलं, चाखायचेही पैसे? माझ्याकडं नवं गिऱ्हाईक आलं आणि म्हणालं रस्सा कसा आहे, तर मी त्याला वाटी पुढं करते, पावती नाही. भावानं घाईघाईनं पैसे दिले. त्याला मॅडम यायच्या आत भांडण नको होतं.

ओतायला एक तरुण होता. काळा एप्रन, केस मागं बांधलेले, बोलणं गोड. पहिली पांढरी. ग्लास फिरवला, नाक घातलं आणि म्हणाला, "यात पेरूचा वास येतो, हिरव्या मिरचीचा, आणि नुकत्याच कापलेल्या गवताचा."

"पेरू घातलाय?"

"नाही मॅडम, तसा वास येतो."

"मिरची?"

"नाही, तीही नाही."

"मग घातलेलं काय आहे ते सांग की बाबा."

"द्राक्षं," तो म्हणाला.

मग द्राक्षाचा वास का येत नाही, असं मी विचारलं नाही. ग्लास बर्फासारखा गार होता. तोंडात घेतलं तर दात शिणले आणि जिभेला काही कळलं नाही. तिथंच मला शंका आली. माझ्या धंद्यात शिळं कालवण खपवायचं असलं तर उकळतं वाढतात. इथं गार वाढतात, एवढाच फरक. मी ग्लास तिरका केला, थोडी वाइन तळहातावर ओतली आणि थांबले. हाताच्या उबेनं तिचा गारवा गेला, मग चाटली. शेजारच्या स्टुलावरच्या पोरीनं मैत्रिणीला कोपरानं ढोसलं. ढोसू दे. तो तरुण म्हणाला, "मॅडम, ग्लासमधून घेतलं तर..." मी म्हटलं, ग्लास तुमचा आहे, हात माझा आहे.

आंबट होती, पण स्वच्छ आंबट. कैरीच्या अंगची. वाईट नव्हती, हे मी कबूल करते. पण किंमत ऐकली आणि पुन्हा डोकं फिरलं. मला भाव मोजायचं एकच माप माहीत आहे. त्या बाटलीच्या पैशात माझ्याकडं दोन माणसं पोट फुटेस्तोवर मटण जेवतात आणि वर ताक पिऊन उठतात. बाटली एकदा संपली की संपली, आणि माणूस उपाशीच.

दुसरी गुलाबी. ती गुलाबी आहे याचेच पैसे. चवीला काही नाही, नुसतं सरबत, आणि सरबत म्हणून घेतलं तर माझं कोकम तिच्यापेक्षा बरं. पण सगळ्यात जास्त फोटो तिचेच चालले होते. तिसरी त्यांची सगळ्यात भारी. बाटलीच एवढी जड की उचलून कोणाच्या डोक्यात घातली तर मेलाच. तो तरुण आवाज खाली आणून सांगायला लागला की ही लाकडी पिंपात ठेवलेली असते. ठेवलेली असते हे सांगायची गरजच नव्हती. तोंडात फळी धरल्यासारखं झालं. द्राक्ष कुठंच नाही, सगळं कपाट. ही बाटली घेणारा माणूस वाइन घेत नाही, पाहुण्यांना दाखवायला वजन घेतो.

मध्येच त्यानं चीजचे तुकडे पुढं केले. मी प्लेट मागं सारली. खारट खाऊन वर काही प्यायलं की ते बरंच लागतं. आधी शेंगदाणे मागणाऱ्या गिऱ्हाइकाला रस्सा कसाही चालतो, हे मला कोणी शिकवायला नको.

चौथी त्यांची सगळ्यात स्वस्त लाल. ती ओतताना त्या तरुणानं काहीच सांगितलं नाही, पेरू नाही, लाकूड नाही. तळहातावर घेतली, चाटली, पुन्हा घेतली. साधी होती, जरा तुरट, पण जीव होता तिच्यात. मटणाबरोबर चालली असती. मी म्हटलं, "ही एक पैशाला धरून आहे. बाकीच्यांत तुम्ही लोकांना शेंडी लावताय." तो हसला आणि म्हणाला, "आम्ही स्टाफवाले घरी हीच नेतो." मग त्याच्यावरचा माझा राग जरा कमी झाला.

भाऊ या सगळ्यात एक थेंब चाखत नव्हता. सप्तशृंगीला नवस बोललाय तो, आईच्या आजारपणात, तेव्हापासून दारूला शिवत नाही. स्वतःच्या द्राक्षाची वाइन त्यानं कधी तोंडात घेतलेली नाही. तो नुसता माझ्या तोंडाकडं बघत होता, आणि मी नाक मुरडलं की खूश होत होता. मी त्या लोकांची एकेक बाटली खाली पाडत होते आणि त्याला वाटत होतं की पारडं त्याच्या बाजूला झुकतंय.

मग ती आली. मी मनात एक बाई रंगवून ठेवली होती, ओठाला रंग लावलेली, इंग्रजीतून नाही म्हणणारी. आली ती गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेली, ओल्या हातांची, माझ्या पोरीच्या वयाची. नखांत जांभळा रंग बसलेला. मला नमस्कार केला आणि काकू म्हणाली. मला त्या काकूचाही राग आला, कारण भांडायला आलेल्या माणसाला नातं जोडलेलं परवडत नाही.

तिनं तीन ग्लास मांडले. तिन्हीत लाल वाइन, एकाच जातीच्या द्राक्षाची, एकाच हंगामाची, अजून बाटलीत न भरलेली. गार केलेली नव्हती. "दादांनी सांगितलं तसंच करते," ती म्हणाली. "कोणती कोणाची ते मी बोलणार नाही. तुम्ही सांगा."

पहिली मी तळहातावर घेतली तर हातावरच्या रेषा दिसेनाशा झाल्या. इतकी गडद. चाटली तर तुरटपणानं गाल आत ओढले गेले, मग गोडसर काहीतरी आलं, आणि ते राहिलं. मी बोलायला लागले तरी तोंडात होतं. दुसरी बरी होती, मधली. तिसरी ओतली तर तळहाताच्या सगळ्या रेषा स्पष्ट. वाचून घ्याव्यात इतक्या. चाटली. वास बरा, रंग नाही, अंग नाही, घशाखाली गेली आणि संपली. मी पुन्हा घेतली, मला चूक करायची नव्हती. पुन्हा तेच.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला वाटलं, सापडले. मी ग्लास टेबलावर आपटला आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं बोलले. म्हटलं, "ही पहिली सोनं आहे. ही माझ्या भावाची. आणि या तिसरीत तुम्ही पाणी घातलंय. मला शिकवू नका. ऐनवेळी पाहुणे वाढले की रश्श्यात तांब्याभर पाणी ओततात ना, ते असं लागतं. पाणचट. मसाला तळाशी बसतो आणि वर नुसतं पाणी. हे लोकांना पाजता आणि शेतकऱ्याला म्हणता तुझा रस पातळ?"

फोटो काढणाऱ्या पोरींनी फोन खाली घेतले. भाऊ हसत होता. आयुष्यात माझ्याकडं बघून तो एवढा अभिमानानं कधी हसला नसेल.

मॅडम रागावली नाही. ती म्हणाली, "काकू, आम्ही पाणी घालत नाही. ते द्राक्षातूनच आलंय." आणि मग बोलणार नाही असं सांगूनही ती बोलली, कारण तिला बोलावंच लागलं. "पहिली वरच्या मुरमाडाची आहे. तिसरी दादांची."

भावाचं हसणं लगेच गेलं नाही. चेहऱ्यावर तसंच राहिलं, जरा वेळ. मग त्यानं तिसरा ग्लास उचलून उजेडात धरला आणि आरपार काचेबाहेरची बाग पाहिली. ती दिसत होती.

मी त्याला विचारलं, "काय केलंस?"

त्यानं ग्लास खाली ठेवला. मॅडम म्हणाली, "मणी रंग धरायला लागले की पाणी तोडायचं, झाडाला ताण द्यायचा, हे मी दादांना दर वर्षी सांगते. मणी बारीक राहिला पाहिजे. रंग आणि चव सालीत असते, मणी फुगला की साल कमी पडते आणि पाणी वाढतं. दादा हो म्हणतात."

"मग?" मी भावाला म्हटलं.

"मणी बारीक दिसत होते गं," तो म्हणाला. मान खालीच. "पार चिंचोके झाले होते. मला बघवंना. थोडंच पाणी सोडलं मी."

"थोडं?"

"काढणीपर्यंत."

मला त्याचा राग आला, पण तो पुरता धरता येईना. कारण मला ते दिसत होतं. संध्याकाळी तो बांधावर उभा, समोर सुकत चाललेले घड, आणि उभा जन्म ज्यानं मण्यात पाणी उतरवलं त्याला सांगितलंय की बघत राहा, हात लावू नको. वडील असते तर त्यांनीही पाणीच सोडलं असतं. मीही सोडलं असतं. आमच्या घरात तहानलेलं झाड बघून कोणी झोपलेलं नाही.

पण हे मी तिथं बोलले नाही. तिथं मी त्याला शिव्या दिल्या. आणि मला लाज वाटत होती ती वेगळ्याच गोष्टीची. वायनरीनं निरोप पाठवला तेव्हा त्यानं मानलं नव्हतं. मॅडमनं दर वर्षी सांगितलं, तेही मानलं नव्हतं. माझ्या तोंडून 'पाणचट' हा शब्द गेला तेव्हा त्यानं मानलं. त्याच्या बागेचा निकाल मी दिला, आणि सगळ्या खोलीसमोर दिला.

मॅडम आम्हाला दारापर्यंत सोडायला आली. म्हणाली, "आणखी एक वर्ष मी आमच्या मोठ्या साहेबांना थांबवू शकते. झाडं चांगली आहेत. पण पाणी बंद राहिलं पाहिजे. मी रोज तुमच्या बांधावर येऊन उभी राहू शकत नाही." मी तिला म्हटलं, "तू नको राहू." त्याच्या पुढं काय करायचं ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

 घरी न जाता त्यानं गाडी थेट प्लॉटवर नेली. पाऊस उघडला होता, बाग पावसानं मातलेली, झाडांना यातलं काही माहीत नाही. त्या प्लॉटच्या ठिबकचा वॉल वेगळा आहे, त्याला लाल मूठ आहे. भावानं डब्यातून पाना काढला, मूठ सोडवली आणि माझ्या हातात दिली. म्हणाला, "छाटणीनंतर पाणी लागंल तेव्हा मी पान्यानं वॉल फिरवीन. मणी रंग धरायला लागले की बंद करीन. मूठ काढणीपर्यंत तुझ्याकडंच राहू दे."

"मग तेव्हाही पान्यानं उघडशील की."

"वॉल उघडंल. पण ताईकडं मूठ हाय म्हटल्यावर हात नाय जायचा." आणि म्हणाला, "मी मागायला आलो तरी देऊ नको. मी कितीबी बोललो तरी."

ती मूठ मी खानावळीत गल्ल्याच्या मागं खिळ्याला अडकवली. दिवाळीला तो आला, भाऊबीज झाली, मुठीकडं बघून हसला. संक्रांतीनंतर फोन सुरू झाले. आधी हवा कशी आहे, मग कांद्याला काय दर आहे, मग हळूच, "ताई, मणी लय बारीक झालेत." मी फोन ठेवून द्यायचे. मग तो चिडायला लागला. गडीमाणसं हसतात म्हणाला. मुरमाडवाला बांधावरून बघून जातो म्हणाला. मी म्हटलं, बघू दे, त्याला किती कळतंय ते आपण चाखलंय.

मग एक दिवस भर दुपारी, जेवणाच्या गर्दीत, तो आला. उन्हातून आलेला, डोळे लाल. म्हणाला, "मूठ दे."

"नाही."

"झाडं मरतील."

"झाडं मरत नाहीत. मॅडमला विचारलंय मी."

"बाग माझी हाय का मॅडमची?"

"बाग तुझी आहे. जीभ माझी आहे. मिळणार नाही."

मग तो बोलला. भरल्या खानावळीत बोलला. म्हणाला, तुला बागेचं काय पडलंय, तू तर सोडून गेलीस. म्हणाला, त्या दिवशी तिथं तोंड आवरलं असतंस तर काय बिघडलं असतं. मीही बोलले, काय बोलले ते आता सांगत नाही. शेवटी म्हटलं, जेवायला बस. तो म्हणाला, "नाय बसायचं." आणि निघून गेला. माझ्या दारातून माझा भाऊ उपाशी गेला. जन्मात पहिल्यांदा. त्या दुपारी मी एका गिऱ्हाइकाला भाकरी जास्त मागितली म्हणून बोलले, आणि मग त्याचे पैसेच घेतले नाहीत.

फोन बंद झाले. खायच्या द्राक्षांचा हंगाम लागला, व्यापारी माल नेऊन मोकळे झाले. पहिला क्रेट आला नाही. गल्ल्यावरची जागा रिकामी होती आणि रोजची माणसं विचारायची, यंदा द्राक्षं नाहीत का. मी म्हणायचे, यंदा माल कमी आहे.

मार्च लागल्यावर एका सकाळी पिकअप आला. तो नव्हता, त्याचा ड्रायव्हर होता. गाडी भरलेली, ताडपत्री बांधलेली. ड्रायव्हरनं एक क्रेट उतरवून गल्ल्यावर ठेवला आणि म्हणाला, "मालकानं दिलाय. बाकीचा माल वायनरीला चाललाय, मला उशीर होतोय." मी विचारलं, काही निरोप? तो म्हणाला, काय नाय. गाडी मागच्या गेटानं आत जाणार, हे मला माहीत होतं.

क्रेटवरचा कागद काढला. आत टपोरी हिरवी द्राक्षं नव्हती. काळे, बारीक, सुरकुतलेले घड होते. बाजारात नेले तर लोक हसतील असे. गावातल्या कोणाला दाखवायला त्याला लाज वाटली असेल असे. पण घड नेहमीसारखेच निवडलेले होते, एकाच्या शेजारी एक नीट लावलेले, एकही मणी सुटलेला नाही. हे त्याच्याच हातचं होतं.

मी एक घड उचलला आणि शेंड्याचा मणी तोडला. साल जाड, बी कडकड वाजलं, आणि मग जी गोडी आली ती घशापर्यंत गेली आणि हलेना. बोटांना जांभळं लागलं. हाताखालच्या बायका बघत होत्या म्हणून मी आत चुलीकडं गेले आणि तिथून त्याला फोन लावला.

"हे काय पाठवलंस?" मी म्हटलं. "लेंड्या?"

तो मग म्हणाला, "शेंड्याचा खाल्ला का?"

"खाल्ला."

"मग?"

"गोड आहे," मी म्हटलं.

पलीकडं बागेतला वारा ऐकू येत होता. मग तो म्हणाला, "मूठ पाठवून दे. काढणी झाली आता. झाडं लय तहानलीत, पाणी द्यायचंय."

"पाठवत नाही," मी म्हटलं. "तू ये आणि घेऊन जा. आणि जेवल्याशिवाय मिळायची नाही."